रत्नाकाकूंचा वॉर्ड

रत्नाकाकू नाडगौडा सिटी कौन्सिलच्या निवडणुकीला उभ्या राहणार, ही बातमी पीकन बेंडमध्ये फुटली ती एका डोहाळजेवणात. जिचं डोहाळजेवण होतं ती बिचारी फुलांचे दागिने घालून, हातात धनुष्यबाण धरून फोटोसाठी ताटकळत बसली, आणि बाया सगळ्या स्वयंपाकघरातल्या ओट्याभोवती. मराठी मंडळाच्या अध्यक्षा कादंबरीबाई यांचं मत असं पडलं, की नवरा गेल्यावर माणसाला विरंगुळा हवाच, त्याला कुणाची ना नाही, पण त्यासाठी भिशी असते, भजन असतं, झुंबा असतो. एकदम निवडणूक? मुलगी तिकडे देशाच्या दुसऱ्या टोकाला, बेलव्ह्यूला, एवढ्या मोठ्या कंपनीत आहे, तिच्याकडे जाऊन सुखाने राहायचं सोडून हे काय डोक्यात घेतलंय? कादंबरीबाईंना स्वतःला दोन वर्षांपूर्वी त्याच जागेसाठी उभं राहायचं होतं, हे त्या कधी सांगत नसत. ते त्यांचा नवरा सांगे, दुसऱ्या पेगनंतर.

पीकन बेंड म्हणजे डॅलसच्या कुशीतलं, अर्विंगहून गाडीने वीसेक मिनिटांवरचं गाव. इथे त्याला सिटी म्हणतात. आपल्याकडे त्याचा जेमतेम एक वॉर्ड झाला असता. पण महापौर आहे, कौन्सिल आहे, फायर ब्रिगेड आहे, आणि रत्नाकाकूंच्या भागात दर तिसऱ्या घराच्या दाराला तोरण आहे. काकू मूळच्या मिरजेच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा त्या तोरणांच्या जागी गाई चरायच्या. नवरा सुमंत टेलिफोनच्या कंपनीत इंजिनिअर, आणि काकू बावीस वर्षं एका दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनवर. अख्ख्या गावाच्या दाढा त्यांना तोंडपाठ होत्या. कुणाचा दात खरा आणि कुणाचा बसवलेला, हे त्या लग्नाच्या पंगतीत बसून सांगू शकल्या असत्या, पण सांगत नसत. कादंबरीबाईंनी किती खोदून पाहिलं. नाही म्हणजे नाही.

ही त्यांची रीतच होती. माणसाला जिथे दुखतं तिथे बोट लावायचं नाही.

आता निवडणुकीचं खूळ आलं कुठून, ते सांगायला हवं. गावात एक जुनं फायर स्टेशन होतं. नवं बांधल्यावर ते ओस पडलं. सुमंतराव रिटायर झाले आणि घरात बसून काकूंच्या फोडणीत खोट काढू लागले, तेव्हा काकूंनीच त्यांना बाहेर पिटाळलं म्हणतात. त्यांनी सिटीच्या मागे लागून त्या स्टेशनातली पुढची मोठी खोली सकाळच्या वेळेला म्हाताऱ्यांसाठी उघडून घेतली. पोरांकडे राहायला आलेले आईबाप तिथे जमू लागले. मराठी, तेलुगू, गुजराती, दोन व्हिएतनामी आजोबा, एक मेक्सिकन आजी. बंबवाल्यांचे कोट टांगायच्या खुंट्यांवर हिवाळ्यात माकडटोप्या लटकायच्या. कॅरम असे, चहाचे थर्मास असत, आणि एकमेकांची भाषा न कळता तासन्‌तास चालणारी भांडणं असत. सुमंतराव त्याला कट्टा म्हणायचे. गेल्याच्या गेल्या वर्षी फेब्रुवारीत ते गेले, हार्ट अटॅकने, आणि तेराव्यानंतर काकू पहिल्यांदा घराबाहेर पडल्या त्या थेट कट्ट्यावर. त्या दिवसापासून तिथला चहा त्याच करत.

कट्ट्यावरचे सगळ्यांत नेमाने येणारे मनोहरकाका. वय एक्याऐंशी, मूळ नागपूरचे, वीज मंडळातून निवृत्त. बायको गेल्यावर मुलाने, शंतनूने, त्यांना इथे आणलं. मुलगा-सून सकाळी कामाला जात आणि संध्याकाळी परत येत, आणि मधला दिवस मनोहरकाकांच्या वाट्याला. इथे ज्याला गाडी येत नाही तो माणूस म्हणजे पार्सल. कुणी नेलं तर जाणार, कुणी आणलं तर येणार. पण कट्टा शंतनूच्या घरामागच्या बागेपलीकडेच होता, काका आपल्या पायांनी जात. दिवसभरात स्वतःच्या मर्जीने केलेली तेवढीच एक गोष्ट.

आणि मग सिटीने ठरवलं की फायर स्टेशन विकायचं. तिथे सामान ठेवायची भाड्याची गोदामं बांधायची होती कुणा कंपनीला. सहा मेंबरांपैकी तीन विकायच्या बाजूचे, तीन विरुद्ध. सातवी जागा काकूंच्या वॉर्डाची, ती रिकामी, तिची निवडणूक मे महिन्यात. तोवर निर्णय पुढे ढकलला. म्हणजे त्या एका खुर्चीवर जो बसेल तोच कट्ट्याचं काय ते ठरवणार, इतकं सरळ होतं.

ढकलण्याआधी कौन्सिलची एक सभा झाली. तिथे कुणीही उठून तीन मिनिटं बोलू शकतो. मनोहरकाकांनी आठवडाभर तयारी केली. कोट घालून माइकपाशी गेले आणि आपल्या पद्धतीने सुरुवात केली. माझं नाव अमुक, माझं मूळ गाव तमुक, वडील शाळामास्तर होते, मी वीज मंडळात अमक्या साली लागलो. नागपूरहून मुंबईच्या विमानात बसतात न बसतात तोच लाल दिवा लागला आणि घंटी वाजली. तीन मिनिटं झाली. फायर स्टेशन हा शब्द अजून यायचाच होता. महापौरांनी फार अदबीने आभार मानले. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं, तेही आपलंच.

काका येऊन काकूंच्या शेजारी बसले. मग म्हणाले, "हे गेलं तर मी काय करू गं रत्ना? भिंतीशी बोलू?"

दुसऱ्या दिवशी काकूंनी अर्ज भरला.

समोर उमेदवार होता डेल हचिन्स, शाळेतला निवृत्त फुटबॉल कोच. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. निम्म्या गावाला त्याने मैदानावर पळवलेलं. त्याचं म्हणणं, पावसाचं पाणी दर वर्षी लोकांच्या गॅरेजात शिरतं, स्टेशन विकून आलेल्या पैशांतून गटारं नीट करू. ज्याच्या गॅरेजात पाणी शिरतं त्याला ते पटणारच.

काकूंचा प्रचार सुरू झाला. इला, त्यांची मुलगी, बेलव्ह्यूहून रोज फोन करी. तिने कॉलेजात असताना कुणाच्या तरी प्रचाराचं काम केलेलं, त्यामुळे तिला सगळं येत होतं. ती म्हणाली, आई, दारात तीन मिनिटं. हसायचं, नाव सांगायचं, कागद द्यायचा, एक प्रश्न विचारायचा, पुढचं दार. आत जायचं नाही.

आत जायचं नाही! मिरजेच्या बाईला हे सांगणं म्हणजे माशाला पोहू नको म्हणण्यासारखं. आणि काकूंनी ठरवलं असतं तरी समोरचे सोडणार होते थोडेच. दार उघडलं की, "अय्या काकू, बाहेर काय उभ्या, आत या ना." उंबऱ्यावर उभं राहून बोलायचं नसतं. आत गेलं की बसा. बसलं की चहा. नको म्हटलं की मग सरबत. सरबताबरोबर चिवडा, चिवड्याबरोबर मुलाने काढलेली चित्रं, मग मुलगा स्वतः, त्याचं श्लोक म्हणणं, मधेच शब्द विसरून "आय डोन्ट वाँट टू" म्हणत पळून जाणं. मग सुमंतकाकांची आठवण. डोळ्यांना पदर. मग निघताना वाटीभर लोणचं. हचिन्स एका संध्याकाळी रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन यायचा, तेवढ्या वेळात काकूंची तीन घरं व्हायची. हचिन्सचं वजन त्या दोन महिन्यांत उतरलं, काकूंचं वाढलं. कादंबरीबाई म्हणाल्या की ही निवडणूक आहे की केळवण.

पण प्रत्येक घरातून बाहेर पडताना एक पाटी लागत होती. "काकू, आमच्या अंगणात लावा ना तुमची पाटी." एप्रिलमध्ये त्या भागातून गाडीने गेलं तर डावीउजवीकडे नुसतं 'नाडगौडा', 'नाडगौडा'. काकू मुद्दाम वळसा घालून त्या रस्त्याने जायच्या. हचिन्सचे लोक धास्तावले होते, असं त्याच्याच शेजाऱ्याने सांगितलं.

इलाने सांगितलेला तो एक प्रश्न मात्र काकूंनी कुठेच विचारला नाही. प्रश्न साधा होता, तुमचं नाव मतदार यादीत आहे का? पण जो नागरिक त्याचंच नाव यादीत, म्हणजे त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न, तुम्ही सिटिझन झालात का? आणि त्याच्या पोटात तिसरा, तुमचं ग्रीनकार्ड आलं का? आणि हा तिसरा आपल्या लोकांत कुणी कुणाला विचारत नाही. बारा-बारा, पंधरा-पंधरा वर्षं झाली तरी लोक रांगेतच. घर घेतलंय, मुलं इथे जन्मलीत, आणि नोकरी गेली तर साठ दिवसांत गाशा गुंडाळायचा. ठरलेलं लग्न मोडलेल्या मुलीला जसं कुणी तारीख विचारत नाही, तसं हे.

काकूंनी एकदा विचारलं होतं. चार वर्षांपूर्वी, शिवांगी नावाच्या मुलीला, तिच्याच बाळाच्या बारशाला, सहज, गप्पांच्या ओघात. झालं का गं तुमचं ग्रीनकार्ड? शिवांगी उठली आणि सिंकपाशी जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासू लागली. नवऱ्याची नोकरी गेलेली होती आणि तिने कुणाला सांगितलेलं नव्हतं. पुढच्या महिन्यात त्यांनी घर विकलं आणि पुण्याला परत गेले. बारशाच्या त्या पोराला अमेरिकेचा जन्मदाखला तेवढा मिळाला. काकूंना ते घासलेल्या भांड्यांचं वाजणं विसरता येईना.

तर काकू लोकांकडे जाऊन म्हणायच्या, "माझ्यावर लक्ष असू दे हं." आणि लोक म्हणायचे, "काकू, हे काय सांगणं झालं?"

यादीत नाव घालायची मुदत मतदानाच्या महिनाभर आधी संपते. त्याच्या आदल्या आठवड्यात इलाने फोनवर सरळच विचारलं, "आई, आर दे रजिस्टर्ड? तू विचारतेस ना प्रत्येकाला?"

काकू म्हणाल्या, "हो गं बाई, विचारते." आणि विषय बदलून तिला लोणच्याचं सांगत बसल्या.

मनोहरकाकांना तर विचारायचा प्रश्नच नव्हता. ते आदल्याच वर्षी सिटिझन झाले होते. परीक्षेचे प्रश्न कट्ट्यावरच पाठ केलेले, दोघांतल्या एका व्हिएतनामी आजोबांनी विचारायचे आणि यांनी उत्तरं द्यायची, आणि दोघांचे उच्चार असे की परीक्षा घेणाऱ्याने तिथेच राजीनामा दिला असता. पण पास झाले. छोटा झेंडा धरलेला त्यांचा फोटो कट्ट्याच्या भिंतीवर होता. ते सगळ्यांना सांगत, बाकीच्यांचं जाऊ द्या, रत्नाचं एक मत पक्कं आहे, ते हे बसलंय.

मतदान मे महिन्यातल्या शनिवारी, प्राथमिक शाळेच्या जिममध्ये. आधीही काही दिवस मत देता येत होतं, पण सगळे म्हणाले, काकू, आम्ही शनिवारीच येऊ, तुम्ही असाल ना तिथे. उमेदवाराला दारापासून लांब थांबावं लागतं. काकूंनी पार्किंगच्या कडेला झाडाखाली घडीची खुर्ची टाकली. निळी इरकल नेसल्या होत्या. हचिन्स दुसऱ्या कडेला डोनट्सचं खोकं घेऊन.

पहिला आला अमित, सॉफ्टवेअरवाला, काकूंच्या पलीकडच्या गल्लीतला. बायको-मुलासकट. थालीपिठं आणली होती, वर लोणी. काकूंबरोबर फोटो काढला, "ऑल द बेस्ट काकू" म्हणाला. मग दुसरं कुटुंब आलं, साबुदाण्याची खिचडी घेऊन. मग ढोकळा. मग कुणी उन्हाची म्हणून छत्री आणून दिली, कुणी शहाळ्याचं पाणी. पायाशी डब्यांची रास लागली. काकूंना इतकं भरून आलं की त्या प्रत्येकाच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. हचिन्ससुद्धा पार्किंग ओलांडून आला आणि एक थालीपीठ खाऊन गेला, आणि हे कशाचं बनवतात ते बायकोसाठी विचारून गेला.

केव्हातरी, ऊन वर चढल्यावर, काकूंच्या लक्षात येऊ लागलं. हचिन्सकडे लोक येत होते, हात मिळवत होते, आणि मग शाळेच्या दारातून आत जात होते. बाहेर येताना छातीवर 'मत दिलं'चा स्टिकर. काकूंकडे येणारे लोक गाडीतून उतरत होते, काकूंपर्यंत येत होते, आणि काकूंपासून परत गाडीत. शाळेच्या दाराकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं.

दातांच्या दवाखान्यात बावीस वर्षं त्यांनी दाराकडेच पाहत काढली होती. त्यांनी पाहायला सुरुवात केली. डबा, फोटो, गाडी. डबा, फोटो, गाडी.

दुपारी अमित पुन्हा आला, ताक घेऊन. काकूंनी ताक हातात घेतलं नाही.

"अमित, तू आत जाऊन आलास ना?"

"कुठे, काकू?"

"मत द्यायला."

अमितने मुलाला गाडीत बसायला सांगितलं. मग म्हणाला, "माझं कुठलं मत काकू? मी अजून एच-वनच्या व्हिसावरच आहे."

"आणि तुमच्या समोरचे पेंढारकर?"

"त्यांचंही तेच. आमच्या गल्लीत एक घर सोडलं तर सगळ्यांचं तेच."

"अरे, मग पाटी कशाला लावलीत? माझ्यासमोर बसून हो हो कशाला म्हणालास?"

"पाटी लावायला बंदी नाहीये ना. तुम्ही म्हणालात लक्ष असू द्या, म्हणून हो म्हणालो. मताचं तुम्ही विचारलंच नाहीत." त्याने गाडीकडे पाहिलं. "आणि काका गेल्यानंतर तुम्हाला पहिल्यांदा एवढं हसताना बघत होतो यार. घरी येऊन तुम्ही इतक्या छान बोलत होतात. बायको म्हणाली, तू सांगू नकोस, दुसरं कुणीतरी सांगेल."

प्रत्येक घरात हेच ठरलं होतं, की दुसरं कुणीतरी सांगेल. काकूंनी ताक घेतलं, कारण त्याचा हात तसाच पुढे राहिला होता.

चारच्या सुमारास मनोहरकाका आले. बाग ओलांडून, एकटे, टेक्ससच्या त्या उन्हात बंद गळ्याचा कोट घालून. आतल्या खिशात निळा पासपोर्ट. त्यांनी काकूंना लांबूनच हात केला, डब्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि तडक शाळेच्या दारातून आत गेले. दिवसभरात काकूंकडून त्या दाराकडे गेलेला तो पहिला माणूस. काकू खुर्चीवरून उठल्या आणि ते बाहेर येईपर्यंत उभ्याच राहिल्या.

त्यांना बराच वेळ लागला.

"दिलं?" काकूंनी विचारलं.

"दिलं बाप्पा," काका म्हणाले. "तुझ्याच नावावर."

कोटावर स्टिकर नव्हता. काकूंना वाटलं, एवढ्या मोठ्या माणसाला कुठे स्टिकर लावायचा, म्हणून आतल्या टेबलावरच्या पोरींनी दिला नसेल.

निकाल त्याच संध्याकाळी लागला. हरल्या. फार मतांनी हरल्या असत्या तर बरं, असं वाटण्याइतक्या थोड्या मतांनी. झाडाखाली न येता, आधीच्या दिवसांत गुपचूप मत देऊन गेलेल्यांनी काकूंना बरीच मतं दिली होती. मंडळाच्या एका पंगतीत मावतील एवढीच माणसं कमी पडली. नंतर बोलता बोलता बाहेर आलं की तेवढी माणसं गावात होती. नागरिक झालेले, पण यादीत नाव न घातलेले म्हातारे-म्हाताऱ्या, कुणी दोन वर्षांपूर्वी शपथ घेतलेले, कुणी पाच. कुणी विचारलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. काकू त्या सगळ्यांच्या घरी जाऊन चहा पिऊन आल्या होत्या.

इलाचा फोन आला. तिने आकडे पाहिले होते.

"आई, यू डिड आस्क देम, राइट?"

"नाही," काकू म्हणाल्या. "एकालाही नाही."

मग इला म्हणाली, "ओके. ओके आई." आणि फोन न ठेवता तशीच राहिली. काकूंनीही ठेवला नाही. दोघी तशाच एकमेकींचा श्वास ऐकत बसल्या.

जूनमध्ये कौन्सिलने स्टेशन विकलं, चार विरुद्ध तीन. हचिन्सने मत देण्याआधी काकूंना फोन करून सांगितलं की तो काय करणार आहे. कादंबरीबाईंनी मंडळाच्या ग्रुपवर काकूंच्या कामगिरीचा गौरव करणारा एवढा लांब मजकूर टाकला की तो वाचायला स्क्रीन तीनदा सरकवावी लागे. लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. अंगणातल्या पाट्या बरेच दिवस कुणी काढल्या नाहीत. आपण काढलेली काकूंना दिसली तर वाईट दिसेल, असं प्रत्येकाला वाटत होतं. शेवटी काकूंनीच जाऊन एकेक उपटली. दारं उघडून लोक म्हणत होते, "काकू, आत या ना." काकू गेल्या नाहीत.

कॅरम अमितच्या गॅरेजात गेला. प्रश्न विचारणाऱ्या त्या व्हिएतनामी आजोबांनी मनोहरकाकांचा हात दोन्ही हातांत धरला आणि पाच मिनिटं काहीतरी सांगितलं, काय ते अजून कुणाला कळलेलं नाही. त्यानंतर त्यांची गाठ पडली नाही. स्टेशनाभोवती जाळीचं कुंपण आलं. मनोहरकाका सुरुवातीला काही दिवस बाग ओलांडून कुंपणापर्यंत जात आणि परत येत. मग उन्हाळा चढला आणि सुनेने जायला बंदी केली, तिचंही खोटं नव्हतं, एकदा ते वाटेत भोवळ येऊन बसले होते.

काकू मग दर बुधवारी गाडी घेऊन त्यांच्या दारात जाऊ लागल्या. अर्विंगच्या एका देशी ग्रोसरीच्या दुकानात मागच्या बाजूला चार टेबलं आहेत, चहा-वडा मिळतो, नंबर पुकारतात. तिथे दोघं बसत. पहिल्या एक-दोन बुधवारी काका उत्साहाने बोलत, कोण काय विकत घेतंय त्यावरून त्याचं घराणं सांगत. मग बोलणं कमी झालं. जुलैतल्या एका बुधवारी ते चहा निवेपर्यंत कपाकडे बघत राहिले आणि म्हणाले,

"रत्ना, मी मत दिलंच नाही."

काकूंनी आपला कप खाली ठेवला.

"टेबलावरच्या पोरीनं यादीत पाहिलं. दोनदा पाहिलं. नाव नाही. मी पासपोर्ट दाखवला. ती म्हणे, आजोबा, हा वेगळा, यादी वेगळी. महिनाभर आधी घालावं लागतं. नागपूरला कसं, मास्तर घरी यायचा ना यादी घेऊन. बाजेवर बसायचा, चहा प्यायचा, नावं लिहून न्यायचा. मला वाटलं येईल कुणी." त्यांनी कप थोडा फिरवला. "शपथेच्या दिवशी बाया बसल्या होत्या तिथे टेबल टाकून, नाव घ्यायला. पण शंतनूची मीटिंग होती."

"मग मला दिलं म्हणून का सांगितलंत काका?"

"तू उठून उभी राहिली होतीस गं."

आजूबाजूला लोक पोळ्यांची पाकिटं निवडत होते. त्यांच्या घरी मास्तर आला होता, काकूंच्या मनात आलं. शंतनूच्या घरी, कट्ट्यावर, रोज आला होता, चहा घेऊन. त्याने यादी काढली नाही.

"पण आता घातलं नाव," काका म्हणाले. त्यांचा आवाज जरा वर आला. "शंतनूच्या मागे लागून घालून घेतलं. कार्ड आलं घरी. पुढच्या खेपेला पक्कं. दोन वर्षांनी ना? तोपर्यंत आपण दुसरी जागा शोधू. ती लायब्ररी आहे बघ, तिच्या मागची खोली मोकळीच असते म्हणतात. तू उभी राहा, मी घरोघर येतो तुझ्यासोबत. मी विचारतो सगळ्यांना, मला काय लाज?"

काकूंनी घर विकायला काढलं होतं. ते सगळ्या गावाला ठाऊक होतं, कादंबरीबाईंच्या कृपेने किंमतसुद्धा ठाऊक होती. शंतनूला ठाऊक होतं, सुनेला ठाऊक होतं. मनोहरकाकांना तेवढं कुणी सांगितलं नव्हतं. काकूंनीही, तीन बुधवार झाले, सांगितलं नव्हतं. आजही त्या म्हणू शकल्या असत्या, बघू हं काका.

"मी नसणार काका," त्या म्हणाल्या. "घर विकतेय. इलाकडे चाललेय, बेलव्ह्यूला. कायमची."

काकांनी मान हलवली. पुन्हा हलवली. "बरं करतेस. पोरीपाशी असावं." मग थोड्या वेळाने म्हणाले, "लायब्ररीची खोली मग..."

"नाही काका. माझ्याने नाही होणार ते."

कुणाचा तरी नंबर पुकारला. काकांनी आपली चिठ्ठी पाहिली, त्यांचा नव्हता.

"कधी जातेस?"

"ऑगस्टच्या मध्यावर."

त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला, ओठ हलताना दिसले. "म्हणजे अजून पाच बुधवार आहेत."

"तीन," काकू म्हणाल्या. "शेवटचे दोन पॅकिंगला जातील."

"हो ना, पॅकिंग असेलच," काका म्हणाले, आणि वड्याचा तुकडा मोडून तो खायच्या ऐवजी बशीत पुन्हा नीट लावून ठेवला.